संकटाचे गोडवे आणि हक्कसोडीचा अंगठा

'संकटे माणसाला घडवितात' हे वाक्य अलीकडे फार स्वस्त झाले आहे. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर, शाळेच्या स्नेहसंमेलनात, पतसंस्थेच्या दिनदर्शिकेवर आणि रोज सकाळी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ते भेटते. ते उच्चारणारा बहुधा संकटात नसतो. ज्याला उद्देशून ते उच्चारले जाते त्याच्या अंगी उत्तर देण्याचे त्राण नसते. त्यामुळे या वाक्याला कोणी भर सभेत आव्हान दिल्याचे ऐकिवात नाही. ते द्यायचे ठरविले, तर त्यासाठी बुलढाणा जिल्ह्याइतकी योग्य भूमी महाराष्ट्रात दुसरी क्वचितच सापडेल. याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म झाला. आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र शासनाला 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांतही बुलढाणा होता. संकटातून साम्राज्याचा पाया घालणारी माता आणि संकटाखाली चिरडलेला शेतकरी, दोघांचा पत्ता एकच. एकीकडे संकटाने घडविले आणि दुसरीकडे मोडले, असे का झाले?

घाऊक आशावादाचे व्यापारी या प्रश्नाकडे ढुंकून पाहत नाहीत. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी जागीच होरपळून मृत्युमुखी पडले. त्यांच्या आप्तांपुढे उभे राहून 'संकट हीच संधी' असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तेथे जी जीभ अडखळते, ती कर्जबाजारी शेतकऱ्याच्या अंगणात मात्र सहज चालते. कारण तेथील मृत्यू एकेकटा येतो, वर्षभर थोडा थोडा येतो आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका कोपऱ्यात मावतो.

आपल्या परंपरेचा दाखला देऊन कोणी म्हणेल की, भागवतात कुंतीने श्रीकृष्णाजवळ विपत्तीच मागितली होती. मागितली होती, हे खरे. संकटात तुझे दर्शन होते, म्हणून संकटे येत राहोत, अशी तिची प्रार्थना होती. परंतु तिने ती स्वतःसाठी केली होती, शेजारणीसाठी नव्हे! आणि हीच कुंती महाभारताच्या उद्योगपर्वात पुत्रांना काय निरोप पाठविते, तेही पाहिले पाहिजे. पराभवाने खचून अंथरुणावर पडलेल्या मुलाला उठवून लढायला लावणाऱ्या विदुलेची कथा ती कृष्णामार्फत पांडवांना ऐकविते. आपला न्याय्य वाटा मागा, मिळत नसेल तर मिळवा, हा त्या निरोपाचा आशय. वनवासाने तुमच्या अंगी खूप गुण आले, तेव्हा आता वनवासातच राहा, असे कुंती म्हणत नाही. कीर्तन-प्रवचनांतून पहिली कुंती हजार वेळा भेटते, दुसरी कुंती अभावानेच भेटते, ही आपल्या निवडीची गंमत आहे.

पाश्चात्त्य जगातही या विषयावर बोलण्याचा अधिकार ज्याला निर्विवादपणे होता, त्या व्हिक्टर फ्रँकलने हेच बजावले आहे. व्हिएन्नाचा हा मानसोपचारतज्ज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर आला. त्याची पत्नी, आई, वडील आणि भाऊ मात्र त्या छळसत्राला बळी पडले. दुःखालाही अर्थ देता येतो, हे त्याचे प्रतिपादन जगभर गाजले. पण त्याच प्रतिपादनात एक अट आहे आणि ती सोयीस्करपणे वगळली जाते: जे दुःख टाळता येण्याजोगे आहे, त्याचे कारण दूर करणे हेच अर्थपूर्ण कृत्य होय, ते निष्कारण सोसत राहण्यात कसलाही पराक्रम नाही. ही अट वगळून फ्रँकल सांगणे म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना खरवडून औषध विकण्यासारखे आहे.

आता जिजाऊंकडे वळू. त्यांच्या वाट्याला आलेल्या दुःखाची यादी पाठ्यपुस्तकात आपण दोन ओळींत उरकतो, म्हणून तिचे वजन कळत नाही. माहेर सिंदखेडचे जाधव, सासर वेरूळचे भोसले. निजामशाही दरबारातून बाहेर पडताना हत्ती बिथरण्याचे निमित्त झाले आणि या दोन्ही घराण्यांच्या तलवारी एकमेकांवर चालल्या. त्यात एका बाजूला जिजाऊंचे बंधू दत्ताजी पडले, दुसऱ्या बाजूला चुलत दीर संभाजी पडले. कोणाचे सुतक पाळायचे, असा प्रश्न त्या तरुण सुनेपुढे उभा राहिला असेल. पुढे 25 जुलै 1629 रोजी देवगिरीवर, निजामशहाच्या दरबारात वडील लखुजी जाधवराव यांची हत्या झाली. त्यांच्याबरोबर त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेही मारले गेले. एका दिवसात माहेर पुसले गेले. त्यावेळी जिजाऊंच्या पोटात शिवराय होते; 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला. त्याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळून उद्ध्वस्त केले, तेथे गाढवाचा नांगर फिरविला अशी परंपरा सांगते. पाठोपाठ 1630 ते 1632 चा तो भीषण दुष्काळ. पुढे थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारला गेला. जानेवारी 1664 मध्ये पती शहाजीराजे होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले.

या साऱ्या घटनांनी जिजाऊंना 'घडविले' असे म्हणणे हा त्यांच्या कर्तृत्वाचा अपमान आहे. निजामशहाच्या मारेकऱ्यांना आणि पुणे जाळणाऱ्या सरदारांना आपण त्यांचे गुरू ठरविणार काय? संकट काही देत नाही. ते हिसकावून नेते. जे उभे राहिले ते जिजाऊंनी केले म्हणून उभे राहिले. आणि त्यांनी काय केले, हे फार ठोस आहे. ओसाड पडलेल्या पुणे जहागिरीत त्या बाल शिवबासह आल्या. पळून गेलेली रयत परत आणली. पडीक जमीन लागवडीखाली येईपर्यंत शेतसारा पहिल्या वर्षांत हलका आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढता ठेवला गेला. वस्तीत शिरणाऱ्या लांडग्यांचा बंदोबस्त करणाऱ्यांना इनाम दिले गेले. कसबा गणपतीचे मंदिर उभे राहिले. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरविल्याची कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. पण त्या नांगरामागोमाग कुणब्याला बी-बियाणे, बैल आणि वसुलीत सूट मिळाली नसती, तर सोन्याच्या फाळाने काय उगवले असते? जिजाऊंनी दिलेले निवाडे आणि त्यांच्या आज्ञा यांची पत्रे उपलब्ध आहेत. वतनाचे तंटे त्यांच्यासमोर येत आणि त्यांचा शब्द निर्णायक मानला जाई.

येथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो खोडून न काढता मान्यच केला पाहिजे. जिजाऊ सरदारकन्या होत्या, त्यांच्या हाती जहागीर होती, पदरी कारभारी होते; सामान्य स्त्रीची गोष्ट वेगळी. अगदी बरोबर! हीच तर मुद्द्याची गोष्ट आहे. धैर्य अनेकींकडे असते. जिजाऊंकडे धैर्यासोबत निर्णय घेण्याचा अधिकार होता, जमीन होती आणि शब्द झेलणारी माणसे होती. धैर्याला हे तीन हात मिळाले तेव्हा जळालेल्या गावाचे पुणे झाले. जयंतीला त्यांचे धैर्य तेवढे आठवायचे आणि त्या धैर्याला बळ देणारा अधिकार विसरायचा, ही आपली लबाडी आहे.

शहाजीराजांच्या निधनानंतरचा प्रसंग तर विशेष विचार करण्यासारखा आहे. जिजाऊ सती जाण्यास निघाल्या होत्या आणि शिवरायांनी त्यांना विनवून परावृत्त केले, असे बखरी सांगतात. त्यानंतर दहा वर्षे त्या जगल्या आणि ती दहा वर्षे वैधव्याच्या कोपऱ्यात बसून काढली नाहीत. 1666 मध्ये महाराज आग्र्याच्या कैदेत असताना स्वराज्याची जबाबदारी त्यांच्या देखरेखीखाली होती. 6 जून 1674 रोजी पुत्राच्या मस्तकावर छत्र धरलेले त्यांनी पाहिले आणि अकरा दिवसांनी, 17 जूनला, पाचाडला देह ठेवला. तीनशे साठ वर्षांपूर्वी एका मुलाने विधवा आईला चितेवरून मागे आणून राज्यकारभारात बसविले. आज आपण विधवेला कोठे बसवितो?

उत्तर ऐकायला कडू आहे. घरधन्याने आत्महत्या केली की पहिल्या काही दिवसांत तीन गोष्टी घडतात. बायका जमतात आणि तिच्या बांगड्या फोडतात. तलाठी येतो, पंचनामा होतो आणि हा मृत्यू 'पात्र' की 'अपात्र' याची चौकशी सुरू होते. मृताच्या कर्जाचा कागद राष्ट्रीयीकृत बँकेचा, सहकारी संस्थेचा अथवा परवानाधारक सावकाराचा असला पाहिजे. विनापरवाना सावकाराने गळा आवळला असेल, तर तो गळफास शासनाच्या व्याख्येत बसत नाही. 2006 साली ठरलेली एक लाख रुपयांची मदत, तीही या चाळणीतून गेल्यावर. पण या दोन्हींहून क्रूर अशी तिसरी गोष्ट घरातच घडते. दीर, सासरे, कधी तर माहेरचा भाऊसुद्धा एक कागद पुढे करतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र. 'तुला कशाला शेतीचा व्याप? आम्ही आहोत ना!' असे गोड बोलून तिचा अंगठा घेतला जातो.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस ठरविले. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाइतकाच हक्क दिला. कायदा कोठेही कमी पडलेला नाही. कमी पडतो तो समाज. व्यासपीठावर जो मातृशक्तीला वंदन करतो, तोच घरी वहिनीच्या नावाचा फेरफार अडवितो. आपल्याच माणसांचे हे वर्तन झाकण्यात कोणता धर्म आहे? समाजाचे संघटन करू इच्छिणाऱ्यांनी हा प्रश्न विरोधकांनी विचारण्याची वाट पाहू नये.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने 4 मे 2022 च्या ग्रामसभेत कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ठराव स्तुत्य आहे. मात्र बांगड्या शाबूत राहिल्या आणि शेत गेले, तर त्या सुधारणेला अर्धवट म्हणावे लागेल. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेशी अनेकांचे अनेक मतभेद असतील. परंतु त्यांनी चालविलेली लक्ष्मीमुक्तीची मोहीम या प्रश्नाच्या मुळाशी गेली होती. पती जिवंत असतानाच त्याने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावावे, असे त्यांनी शेतकऱ्यांना आवाहन केले आणि अनेक गावांनी ते स्वीकारले. 1992 मध्ये शासनानेही तशी योजना आणली. ती आजवर किती तलाठी कार्यालयांच्या भिंतींवर लिहिलेली दिसते?

दुसरा वर्ग आहे करुणेच्या ठेकेदारांचा. आशावादाचे व्यापारी निदान 'ऊठ' तरी म्हणतात, हे तेवढेही म्हणत नाहीत. यांच्या लेखी पश्चिम विदर्भातला शेतकरी हा कायमचा बिचारा. त्याच्यासाठी पॅकेज जाहीर करावे, त्याच्या घरी नेत्यांचे दौरे न्यावेत, कॅमेऱ्यापुढे त्याच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा आणि निवडणूक आली की कर्जमाफीचा आकडा फेकावा. 2008 च्या देशव्यापी कर्जमाफीत दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला संपूर्ण माफी मिळाली. बागायती पाच एकर आणि विदर्भातील कोरडवाहू पाच एकर यांत किती अंतर आहे, हे दिल्लीत कोणी विचारले नाही. सहा-सात एकर पऱ्हाटी लावून कर्जात बुडालेला माणूस कागदोपत्री 'मोठा शेतकरी' ठरून पूर्ण माफीबाहेर राहिला. करुणा आंधळी असली की ती अशीच वाटली जाते.

या दोन्ही वर्गांना निरुत्तर करणारी घटना मार्च 2025 मध्ये याच जिल्ह्यात घडली. शासनाने तरुण शेतकरी म्हणून पुरस्कार देऊन गौरविलेल्या एका शेतकऱ्याने जीवन संपविले. तो हताश होऊन बसून राहणारा नव्हता. त्याने शेतीत प्रयोग केले होते, परिसराला खडकपूर्णा प्रकल्पाचे पाणी मिळावे म्हणून उपोषण केले होते, आश्वासनेही पदरात पाडून घेतली होती. प्रेरक वक्ते जे जे करायला सांगतात ते सारे त्याने करून दाखविले. पाणी तेवढे आले नाही. संकटात संधी शोधणारा माणूस आणि त्याला एकाकी पाडणारी व्यवस्था यांची गाठ पडली की काय होते, हे त्याच्या मृत्यूने दाखविले. त्या मरणाचे उदात्तीकरण करता येणार नाही. असा माणूस गमावणे ही समाजाची हानी आहे आणि त्याच्या मनातला अंधार वेळीच कोणी ओळखू शकले नाही, ही सर्वांची नामुष्की आहे. गावात संघटना, मंडळे, भजनी मंडळी, पतसंस्था, सारे काही असते. फक्त कर्जाच्या काळजीत झोप उडालेल्या माणसाच्या ओट्यावर रात्री जाऊन बसणारे कोणी नसते.

मग बुलढाण्यात संकटातून काही चांगले निघालेच नाही काय? निघाले, आणि तेही डोळ्यांना दिसेल असे. या जिल्ह्याचे दुखणे पाणी. पैनगंगा याच जिल्ह्यात उगम पावते, पण तिचे पाणी पुढे निघून जाते. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत खारपाणपट्टा. विहिरीला पाणी असले तरी ते पिण्याजोगे नाही. जुने तलाव गाळाने भरलेले. 2018 मध्ये भारतीय जैन संघटना आणि जिल्हा प्रशासन यांनी हा गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. त्याच काळात राष्ट्रीय महामार्गांची कामे सुरू होती आणि भरावासाठी माती-मुरूम हवा होता. एकाला माती नको होती, दुसऱ्याला ती हवी होती. तलावांतील आणि नाल्यांतील माती महामार्गांखाली गेली आणि तलाव खोल झाले. सरकारी आकड्यांनुसार जिल्ह्यातील 491 किलोमीटर महामार्गांसाठी 132 ठिकाणांहून 55.10 लाख घनमीटर माती काढली गेली. तेवढीच साठवणक्षमता वाढली आणि तिच्यासाठी वेगळा पैसा लागला नाही. 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने देशभर त्याचा बोलबाला झाला.

विशेष म्हणजे यात कोणी दुष्काळाचे गोडवे गायले नाहीत. दुष्काळ ही वाईट गोष्ट आहे, हे मान्य करून कामाला सुरुवात झाली. सिंदखेडराजाचा मोती तलाव आणि चांदणी तलाव पाहिले की जाधवांच्या काळातही याच मातीतील माणसे असाच विचार करीत होती हे लक्षात येते. लखुजींच्या भव्य समाधीपुढे फुले वाहणाऱ्यांनी वाट वाकडी करून हे तलावही पाहावेत.

आणि एक नाव या संदर्भात टाळता येत नाही. 1630 चा जो दुष्काळ जिजाऊंनी पाहिला, त्यानेच देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा हिरावून नेला. दुष्काळाने तुकोबांना संत केले, असे सरधोपटपणे सांगितले जाते. तुकोबांचे घर महाजनाचे होते, लोकांना दिलेल्या कर्जाची खते त्यांच्या घरी होती. दुष्काळात होरपळल्यावर त्यांनी ती वसूल करून घर सावरले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. दुष्काळ सावकारांच्या इतर घरांतही आला होता. तेथे खते बुडाली नाहीत, व्याज वाढले. संकट एकच, करणी वेगळी! आज वारीत शेकडो मैल चालणाऱ्या किती सावकारांनी, किती कृषी केंद्रवाल्यांनी मृत शेतकऱ्याच्या नावावरची उधारी फाडून टाकली, याचा हिशेब पांडुरंगाजवळ असेल.

12 जानेवारीला सिंदखेडराजाला लोटणारा जनसागर हे महाराष्ट्राचे एक मोठे दृश्य आहे. पहाटेपासून लखुजींच्या वाड्यातील जन्मस्थानी रांगा लागतात. दूरदूरच्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. आईच्या कडेवरची पोर डोक्याला फेटा बांधून येते. योगायोगाने स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवसही तोच. ही श्रद्धा खरी आहे आणि तिची चेष्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिच्याकडे मागणे मात्र करता येते. त्या दिवसानंतर बरोबर चौदा दिवसांनी, 26 जानेवारीला, गावोगावी ग्रामसभा भरते. जयंतीहून परतलेल्या कार्यकर्त्यांनी त्या सभेत तलाठ्याला दोन याद्या वाचून दाखवायला सांगाव्यात. गावातील किती सातबाऱ्यांवर पत्नीचे नाव आहे, ही पहिली यादी. गेल्या दहा वर्षांत गावात किती विधवांच्या वारसनोंदी झाल्या आणि किती हक्कसोडपत्रे झाली, ही दुसरी. याद्या वाचून झाल्यावर ज्यांना पत्नीचे नाव लावायचे असेल, त्यांचे अर्ज तेथेच भरून घ्यावेत. पहिला अर्ज ज्याने सभा बोलाविली त्याचा असावा.